बाद चकत्या

आमच्या पिरंगुटच्या पट्ट्यात एक रीत आहे. शेडमध्ये बाहेरचा माणूस आला की चालू मशीनवर कापड टाकायचं. पार्टीला चहा ऑफिसात द्यायचा, तयार माल टेबलावर मांडायचा, पण ज्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे पकडीत, धरून तो माल झाला ते तिच्या नजरेला पडू द्यायचं नाही. दुसरी रीत याहून कडक. बिघडलेला नग कुणाला दाखवायचा नाही. शंभराची ऑर्डर असेल तर लागतील तेवढे कापायचे, शंभर चांगले निवडायचे आणि बाकीचे दिवस मावळायच्या आत भंगाराच्या पिंपात टाकायचे. कुणी विचारलंच तर 'रिजेक्शन नाही' म्हणायचं. यात काही खोटं आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही. पार्टी मालाचे पैसे देते, आमच्या चुकांचे नाही.

या दोन्ही रीती मी नोकरीत शिकले. मी मूळची माले गावची. लग्नानंतर पिरंगुटच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले. दिवसभर हातात मोजायचं व्हर्नियर आणि समोर दुसऱ्यांनी केलेला माल. कोणता नग कशानं बिघडला हे नुसतं बघून सांगता यायला लागलं, तेव्हा नोकरी सोडली आणि एक जुनं ग्राइंडिंग मशीन घेऊन शेड भाड्यानं घेतली. सरकारी योजनेच्या अर्जासाठी मी तीनदा एका कार्यालयात गेले. तिन्ही वेळा खुर्चीतल्या माणसानं विचारलं, "साहेब कुठे आहेत?" साहेब म्हणजे माझे यजमान. ते तेव्हा शाळेत गणित शिकवत होते, आणि लेथ कोणती नि ग्राइंडर कोणता हे त्यांना आजही ओळखता येत नाही. तिसऱ्या वेळी मी त्या माणसाच्या टेबलावर हात जरा जोरात आपटला. अर्ज तिथेच राहिला. मदत कुणी केली नाही हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं मी त्याच डोळ्यांनी पाहिलं.

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक भूगावला फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या प्रयोगांसाठी लागणारे बारीकसारीक तुकडे मी कधीमधी ग्राइंड करून द्यायचे. एका सकाळी ते नेदरलँड्सच्या एका बाईंना घेऊन शेडवर आले. बाई तिशीच्या, साधा शर्ट, पाठीवर सॅक. सहा माणसांची त्यांची कंपनी होती, विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेली. प्यायच्या पाण्यात फवारणीच्या औषधाचा अंश आहे का, हे जागच्या जागी सांगणारं यंत्र ते बनवत होते. त्या यंत्राच्या पोटात स्टीलची एक चकती असते, जुन्या रुपयाएवढी रुंद आणि पोस्टकार्डाहून पातळ. तिच्यावर केसाएवढे चर असतात आणि त्यांतून पाणी जातं. चर ते तिकडे लेझरनं कोरणार होते. चरांना आतून द्यायचा लेप प्राध्यापकांचं कॉलेज शोधत होतं. राहिलं काम चकती पातळ आणि सपाट करून देण्याचं. युरोपात एवढ्या थोड्या नगांसाठी कुणी मशीन लावायला तयार नव्हतं.

मी दर सांगितला. मनात होता त्याच्या तिप्पट.

बाई म्हणाल्या, "माझ्याकडे या कामासाठी एवढीच रक्कम मंजूर आहे," आणि सॅकमधून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. आकडा माझ्या मनातल्या दराहून थोडा जास्तच होता.

"घासाघीस नाही करणार?" मी विचारलं.

"करून काय उपयोग? तुम्ही कमीत केलंत तर उरलेले मला परत द्यावे लागतील."

आजवर मला अशी पार्टी भेटली नव्हती. मी ते सरळ घेतलं नाही. यात काहीतरी गोम असणार असं मानून मी आगाऊ रक्कम मागितली. ती त्यांनी दिली, तेव्हा माझी शंका आणखी वाढली.

बाई गाडीकडे गेल्यावर प्राध्यापकांनी मला समजावलं. पैसा त्या बाईंचा नव्हताच. युरोपातल्या सरकारांचा होता आणि आपल्या सरकारनं त्यात वाटा घातला होता. कामात पाच जण होते. बाईंची कंपनी, त्यांचं विद्यापीठ, जर्मनीतली एक प्रयोगशाळा, तिकडच्या एका शहराचं पाणीपुरवठा खातं आणि आपलं कॉलेज. मी त्यांत नव्हते, मी फक्त पुरवठादार. "पण हा पहिला टप्पा आहे," प्राध्यापक म्हणाले. "दुसऱ्या टप्प्यात चकतीसाठी सहावा भागीदार घ्यायचा विचार आहे. त्याला आपल्या बाजूनं मशीनचे पैसे मिळतील, तापमान स्थिर ठेवणारी खोली मिळेल, आणि करारात नाव येईल."

मला ते हवं होतं. मशीन हवं होतं हे तर आहेच. पण त्याहून जास्त हवं होतं ते करारात शेडचं नाव, आणि ज्या कार्यालयात मला तीनदा साहेब विचारले तिथे त्या कराराची प्रत.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. या स्टीलला चुंबक धरत नाही, त्यामुळे नेहमीच्या चुंबकी टेबलावर चकती बसत नव्हती. चिमटीत धरावी तर एवढी पातळ चकती वाकायची. माझ्याकडे मालेचेच एक मामा कामाला आहेत. नात्यानं नाही, गावच्या नात्यानं. ग्राइंडिंगमध्ये त्यांच्यासारखा हात मी कुठे पाहिलेला नाही. दोन दिवस ते चकत्या हातात घेऊन नुसते फिरले. तिसऱ्या दिवशी पौडच्या बाजारातून लाख घेऊन आले. सोनार दागिना लाखेत बसवून कोरतो, तशी त्यांनी चकती गरम लाखेत बसवली, गार होऊ दिली, ग्राइंड केली आणि पुन्हा गरम करून सोडवली. टेबलावर असेपर्यंत ती आरशासारखी सपाट. सोडवली की मात्र बहुतेक चकत्या कडेनं उठायच्या.

"मामा, किती जमल्या?"

"चारात एक, ताई. बाकीच्या पापडावानी उठल्यात."

"पिंपात टाका."

"कवाच टाकल्या. हितं ठिवून काय पूजा करायची हाय?"

ऑर्डर चाळीसची होती. एकशेसाठच्या आसपास कापून आम्ही चाळीस चांगल्या दिल्या. मखमली कापडात एकेक गुंडाळून. पिंप भंगारवाल्यानं नेलं.

चकत्या तिकडे पसंत पडल्या आणि आढाव्याच्या बैठकीला मला बोलावणं आलं. जाण्यायेण्याचा खर्च प्रकल्पाचा. यजमान म्हणाले, "तुझा स्वभाव घरी ठेवून जा." मी म्हणाले की स्वभाव ठेवला तर दर कोण ठरवणार.

मी आठ दिवस तिकडे होते. शहर पाहिलं नाही असं नाही, पण लक्षात राहिला तो विद्यापीठामागचा एक मोठा हॉल. सरकारच्या पैशानं घेतलेली मशीनं तिथे मांडली होती आणि लहान कंपन्या ती तासावर वापरत होत्या. मायक्रॉनचा दहावा भाग मोजणारं एक मशीन होतं. ते घ्यायचं तर माझी शेड, जमीन आणि राहतं घर विकूनही पुरलं नसतं. त्याच्यासमोर तीन कंपन्यांची माणसं रांगेत कॉफी पीत उभी होती. तिन्ही कंपन्या पाणी तपासायचीच यंत्रं करणाऱ्या, म्हणजे एकमेकींच्या वैरी. एकीचा माणूस दुसरीच्या माणसाला सांगत होता की त्याचा तुकडा कोणत्या कोपऱ्यात धरला तर मोजमाप बरोबर येतं. कुणी कापड टाकत नव्हतं. मी बाईंना विचारलं, तो तुमचं सगळं बघतोय, तुम्हाला चालतं?

"त्यानं चूक केली तर मला ती करावी लागत नाही," त्या म्हणाल्या. "विकायला लागू तेव्हा भांडू."

विकायचं तर अजून नावच नव्हतं. कंपनीनं एकही यंत्र विकलेलं नव्हतं आणि तरी सहा जणांचा पगार होत होता. सुरुवातीला मला त्याचा राग आला. फुकटचं आहे म्हणून चाललंय, असं मी प्राध्यापकांना म्हणाले. आठ दिवसांत थोडं कळलं. पाणीपुरवठा खात्यानं आपलं पंपिंग स्टेशन त्यांना चाचणीसाठी दिलं होतं. अशी जागा कुठल्याही लहान कंपनीला दारात उभं करून घेत नाही. जर्मन प्रयोगशाळा मोजमाप करून देत होती. विद्यापीठ माणसं देत होतं. आणि खासगी पैसेवाले, जे आधी दोन वर्षं भेटायलाही तयार नव्हते, ते सरकारी परीक्षकांनी पहिला टप्पा पास केल्यावर स्वतः फोन करत होते. पाणी किती खोल आहे हे सरकार आधी उतरून बघत होतं, मग काठावरचे शेठ कपडे काढत होते. आमच्याकडे उलटं. आधी तुम्ही पोहून दाखवा, मग पोहण्याच्या वर्गाचा अर्ज मिळेल.

बैठक त्याच हॉलच्या वरच्या मजल्यावर होती. तिथे प्रत्येक जण आधी काय बिघडलं ते सांगत होता. जर्मन प्रयोगशाळेचे एक वयस्क गृहस्थ फुटलेल्या काचांचे फोटो दाखवून स्वतःच हसत होते. मग आपले प्राध्यापक उठले. त्यांनी सोललेल्या लेपाचे एकामागून एक फोटो दाखवले. हा आठ दिवसांत निघाला, हा दोन तासांत निघाला, हा तर लागलाच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लांब येऊन आपल्या माणसानं असं उघडं पडावं. मी ठरवलं, पुण्याची अब्रू आता मी राखायची.

माझी पाळी आली. बाईंनी विचारलं, "चाळीस चकत्या मिळवायला तुम्हाला किती कराव्या लागल्या?"

"चाळीस," मी म्हणाले. "रिजेक्शन नाही."

काचा फोडणारे गृहस्थ पुढे वाकले. "एकही वाकली नाही?"

"एकही नाही."

त्यांनी भुवया उचलल्या. बाईंनी लिहून घेतलं. प्राध्यापक माझ्याकडे बघत होते, त्यांना संशय आला होता का हे मला आजही माहीत नाही. कशी धरता, हे कुणीतरी विचारलं. मी म्हणाले, ती आमची पद्धत आहे. सगळे हसले आणि पुढचा विषय निघाला. मी खुशीत परत आले.

दोन महिन्यांनी दुसऱ्या टप्प्याचा अर्ज गेला आणि त्यानंतर आठवड्यानं बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. प्राध्यापक मुद्दाम माझ्या ऑफिसात येऊन बसले होते. मामा दारात उभे होते, कारण मशीन आलं तर ते कुठे बसवायचं यावर त्यांचं आणि माझं सकाळपासून भांडण चालू होतं.

बाईंनी वळणं घेतली नाहीत. "अर्जात सहावा भागीदार धरलेला नाही. चकतीचं काम आम्ही खरेदीत टाकलं आहे. तुम्ही पुरवठादार राहाल आणि ऑर्डर मोठी होईल."

"का?"

"हा पैसा जिथे अजून माहीत नाही तिथेच घालता येतो. लेप टिकेल का हे माहीत नाही, म्हणून कॉलेजचा वाटा वाढला. तुमचं काम तयार आहे. चाळीसच्या चाळीस. तयार वस्तू आम्ही विकत घेतो, तिच्यावर संशोधनाचे पैसे लावता येत नाहीत."

मी प्राध्यापकांकडे वळले. "म्हणजे तुमचा लेप सोलतो म्हणून तुम्हाला पैसे, आणि माझी चकती सपाट आहे म्हणून मी बाहेर?"

"मॅडम, तसं नाही—"

"तसंच आहे. सर, तुम्ही तिकडे दहा फोटो दाखवलेत ना? मी पिंपभर दाखवले असते. चारातल्या तीन वाकत होत्या माझ्या. तीन. तुमच्यापेक्षा जास्त बिघडवलंय मी."

हे मी इंग्रजीतच बोलले होते. लॅपटॉपच्या पडद्यावरून बाईंनीही ते ऐकलं होतं. प्राध्यापकांनी चष्मा काढला. काय झालं ते मला तेव्हा कळलं.

बाई ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी वही ओढली. "चारातल्या तीन. कोणत्या बाजूला वाकत होत्या?"

"माहीत नाही."

"त्या आहेत?"

"भंगारात गेल्या."

"म्हणजे वितळल्या," त्या म्हणाल्या. यंत्राची पुढची किंमत त्यांनी माझ्या चाळीसच्या चाळीसवर धरली होती. आता परीक्षकांना पत्र लिहून आकडा दुरुस्त करणं भाग होतं. अर्ज बंद झाला होता, त्यात नाव घालता येत नव्हतं. "तुम्ही बैठकीत हे सांगितलं असतं तर सहावं नाव तुमचं असतं," त्या म्हणाल्या.

"नियम आधी सांगायचा."

"तुम्हाला विचारलं होतं. दोनदा."

विचारलं होतं हे खरं. तरी माझं म्हणणं कायम आहे. ज्या माणसाला आयुष्यभर बिघडलेला नग दाखवल्याबद्दल बिल कापून मिळालं, त्याला नुसता प्रश्न विचारून भागत नाही. त्याला आधी सांगावं लागतं की इथे बिल कापणार नाहीत.

कॉल संपल्यावर प्राध्यापकांनी मामांना सगळं मराठीत सांगितलं. मामांनी विचारलं, "सर, आमच्याकडं चुकलं की पगार कापत्यात. तिकडं चुकलं की पगार देत्यात व्हय?"

"चुकल्याचा नाही देत, मामा. चुकलेलं सांगितल्याचा देतात."

"मंग सांगायला आमचं काय जातंया? चुकायचं तर आमाला येतंयाच," मामा म्हणाले आणि मशीनकडे गेले.

पहिल्या टप्प्यातली थोडी रक्कम शिल्लक होती. बाईंनी तिच्यातून आणखी एक लॉट मागवला, यावेळी एकही चकती न टाकता. मी कळवलं की वाकडी चकतीही सरळ चकतीच्याच दरानं लागेल. 'मान्य' एवढंच उत्तर एका ओळीत आलं. म्हणजे मी दर कमीच सांगितला होता.

तो लॉट करताना मामांनी मला फार त्रास दिला. प्रत्येक चकतीच्या पाकिटावर नोंद करायची होती. लाख किती गरम होती, किती वेळ गार केली, कोणती कड उठली, कोणी केली. शेवटच्या रकान्याला ते अडले.

"वाकड्यावर माझं नाव नगं."

"मामा, सगळ्यांवर लिहायचंय. सरळवर पण."

"सरळवर लिव्ह की. मी कुटं न्हाई म्हनलो? पर वाकडी बगून तितं समदी म्हनतील, ह्यो कोन अडानी बसवलाय मशीनवर."

शेवटी नावाच्या जागी आकडा लिहिला. मामा एक, मी दोन. दुसऱ्या आकड्याची पाकिटं थोडी जास्त वाकडी निघाली, हे मामांनी दोघातिघांना सांगितलं.

पेटी बांधताना वाकड्या चकत्यांना सरळ चकत्यांहून जास्त कापूस लागला. प्रवासात त्या आणखी वाकल्या असत्या तर सगळ्या नोंदी फुकट गेल्या असत्या. बिघडलेल्या मालाला एवढं जपताना माझा हात अवघडत होता.

जर्मन प्रयोगशाळेनं दोन आठवड्यांत कारण शोधलं. स्टीलचा पत्रा गिरणीत ज्या दिशेनं लाटला जातो, त्या दिशेनं त्यात ताण राहतो. चकती लाखेतून सुटली की तो ताण तिला वर उचलतो. लाटण्याची दिशा जुळवून वाकड्या चकत्या एकमेकींशेजारी ठेवल्यावर सगळ्यांची उठलेली कड एकाच दिशेची निघाली. सपाट चकत्यांवरून हे कुणालाच कळलं नसतं. उपाय सोपा होता. पत्रा आधी भट्टीत तापवून हळूहळू गार होऊ द्यायचा, मग चकत्या कापायच्या. पुण्यातली एक भट्टी प्राध्यापकांनी मिळवून दिली. आता चारातल्या तीन नीट येतात, कधी चारही. त्या अहवालावर प्रयोगशाळेचं नाव आहे, विद्यापीठाचं आहे, कॉलेजचं आहे. माझ्या शेडचा उल्लेख 'पुणे जिल्ह्यातील पुरवठादार' असा तळटिपेत आहे. मी तो वाचला आणि अहवाल मिटून ठेवला.

हा नवा आकडा बाईंना कळवायचा होता. चारातल्या तीन म्हणजे काम आता खरोखरच तयार झालं, आणि पुढच्या फेरीच्या अर्जातही मी खरेदीतच पडणार, हे मला दिसत होतं. आकडा थोडा वाईट करून लिहिता आला असता. दोन दिवस तो मजकूर मी तसाच ठेवला. मग होता तसा आकडा लिहिला आणि खाली एक ओळ घातली: याच्या निम्म्या जाडीची चकती तुम्हाला कधी लागणार आहे का? ती आमच्याकडून अजून होत नाही.

त्याच दिवशी उत्तर आलं. निम्म्या जाडीनं यंत्र खिशात मावेल, पुढच्या फेरीत ते घालायचा विचार आहे, भागीदार म्हणून अर्जातलं तुमचं प्रकरण तुम्हीच लिहा. आणि एक प्रश्न. शंभर केल्या तर किती बिघडतील असा तुमचा अंदाज आहे?

मी मशीनपाशी जाऊन मामांना विचारलं.

"पैल्या खेपंला?" त्यांनी हात पुसले. "समद्याच."

मी तेवढंच लिहून पाठवलं.